उलट बोलणारा मुलगा आणि उगारलेला हात

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. गेल्या वर्षभरात तो फार उद्धट झाला आहे. काही विचारले की खांदे उडवतो, सासरे बोलू लागले की त्यांचे वाक्य पुरे होण्याआधी उठून जातो, वडिलांना उलट उत्तरे देतो. मागच्या महिन्यात वर्गातला एक मुलगा त्याच्याकडे बघून हसला, एवढ्यावरून याने त्याला ढकलले. तो बाकाच्या कडेवर आपटला आणि त्याच्या भुवईवर टाके घालावे लागले. शाळेने आमच्या मुलाला काही दिवस घरी बसवले. त्या संध्याकाळी पाहुण्यांसमोरच माझ्या पतींनी त्याच्या कानशिलात लगावली. तेव्हापासून तो त्यांच्याशी बोलत नाही. मी विचारले तर एवढेच म्हणाला, ‘सगळ्यांसमोर हसला तो मला. मी ऐकून घेणारा नाही.’ सासरे म्हणतात, मोठ्यांचा मान राखणे बंद झाले म्हणूनच आजची मुले मारामाऱ्या करतात, खिशात चाकू बाळगतात. आताच वेसण घातली नाही तर उद्या पोलीस दारात येतील. मला हे पूर्ण पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. आदर उरला नाही म्हणून मुले हिंसक होतात का? आणि मी आता काय करावे?

उत्तर : ताई, मुलगा घरात मोठ्यांशी नीट बोलत नाही ही एक गोष्ट आणि त्याच्या हातून दुसऱ्या मुलाला इजा झाली ही दुसरी. तुमच्या सासऱ्यांच्या मते पहिलीतूनच दुसरी निघाली आहे, आणि असे मानणारे ते एकटे नाहीत. तरुणांच्या हिंसेची बातमी आली की बहुतेक घरांत हाच निष्कर्ष निघतो. मला मात्र या प्रकरणाचा उलगडा तुमच्या मुलाच्याच वाक्यात दिसतो. सगळ्यांसमोर हसला तो मला, असे तो म्हणाला. वर्गमित्राला ढकलताना त्याच्या मनात आजोबांविषयी, वडिलांविषयी किंवा शिक्षकांविषयी काहीही नव्हते. चारचौघांत आपली किंमत कमी झाली, ती या क्षणी परत मिळवली नाही तर कायमची गेली, ही भावना तेथे काम करत होती. तरुणांच्या हिंसेचा मानाशी जो संबंध आहे तो प्रामुख्याने असा आहे, आणि तो लक्षात न घेता आपण केवळ धाक वाढवत गेलो तर ज्या जखमेतून हात उचलला जातो तीच अधिक खोल करण्याचा धोका आहे.

हे केवळ माझे मत नाही. जेम्स गिलिगन या मनोविकारतज्ज्ञांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या तुरुंगांमध्ये अनेक वर्षे काम केले. खून आणि प्राणघातक हल्ल्यांसाठी शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना ते विचारत, की तुम्ही हे का केलेत. आणि निरनिराळ्या माणसांकडून त्यांना पुन्हा पुन्हा एकच उत्तर मिळे, की त्याने माझा अपमान केला. वरवर पाहता कारण अगदी क्षुल्लक असे, एखादी नजर, एखादा शब्द, रांगेतला एखादा धक्का; पण कारण जितके क्षुल्लक तितकी त्याची लाज अधिक, कारण एवढ्याशा गोष्टीने आपण दुखावलो हे कबूल करणे त्या माणसाला असह्य वाटे. अर्थात लाज वाटणारा प्रत्येक माणूस हिंसक होत नाही, आणि गिलिगन यांनीही तसे म्हटलेले नाही. लाज सावरण्याचा दुसरा कोणताही मार्ग दिसत नसेल आणि समोरच्याच्या वेदनेची जाणीव त्या क्षणी हात धरायला नसेल, तर ती हिंसेपर्यंत जाते. तुमच्या घरासाठी हाच भाग सर्वांत उपयोगाचा आहे, कारण दुसरा मार्ग दाखवणे आणि दुसऱ्याच्या वेदनेची जाणीव जागी ठेवणे या दोन्ही गोष्टी आईवडिलांच्या हातातल्या आहेत.

तो प्रसंग थोडा जवळून पाहू. कोणीतरी हसले. ते हसणे नेमके कशाला होते हे आपल्याला ठाऊक नाही, आणि त्या क्षणी तुमच्या मुलालाही ठाऊक नव्हते. त्याने ते स्वतःवरचे हसणे मानले. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात शाळकरी मुलग्यांना कोडे जुळवायला दिले होते आणि दुसऱ्या एका मुलामुळे ते मोडल्याचे भासवले होते. कधी ते मुद्दाम मोडल्याचे उघड दिसे, कधी चुकून मोडल्याचे दिसे, आणि कधी हेतू काहीच कळत नसे. हेतू उघड होता तेव्हा आक्रमक आणि शांत मुलांच्या वागण्यात विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो हेतू अस्पष्ट होता तेव्हा. आक्रमक मुले अशा वेळी दुसऱ्याने ते मुद्दामच केले असणार असे धरून वागली. म्हणजे हात उचलला जाण्याच्या आधी डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ चुकीचा लागलेला असतो, आणि हा अर्थ लावण्याची सवय बदलता येते.

दुसरी बाब प्रेक्षकांची. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरनिराळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. सोबत समवयस्क बसले असताना किशोरवयीनांनी एकटे असतानापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करला. प्रौढांवर मात्र सोबतीचा परिणाम जवळजवळ झाला नाही. हाच मुलगा रिकाम्या जिन्यात त्याच मुलाला भेटला असता आणि तो तसाच हसला असता, तर बहुधा चार शब्दांवर भागले असते. वर्गात तीसचाळीस जोडी डोळे वळली, आणि माघार घेणे त्याला अशक्य वाटले. याने त्याचा अपराध हलका होत नाही. दुसऱ्या मुलाच्या डोळ्याच्या अगदी जवळ इजा झाली आहे आणि ती थोडी खाली झाली असती तर काय, हा विचार मुलानेही करायलाच हवा. पण अपराध कोठून आला हे कळल्याशिवाय तो पुन्हा होऊ नये यासाठी काय करायचे हे ठरणार नाही.

आता मला थोडे कठीण लिहायचे आहे, आणि तुमच्या पतींनीही हे वाचावे अशी माझी विनंती आहे. शाळेत त्याला वाटले की सर्वांसमोर आपला अपमान झाला, आणि त्याने हाताने उत्तर दिले. संध्याकाळी वडिलांना वाटले की पाहुण्यांसमोर आपली मान खाली गेली, आणि त्यांनीही हाताने उत्तर दिले. त्यामागचा त्यांचा संताप आणि काळजी मी समजू शकते. तरी मुलाने त्या थपडेतून काय घेतले असेल? चारचौघांत मान गेला की तो बळाने परत मिळवायचा, आणि ज्याचे बळ अधिक त्याला ते करण्याची मुभा असते, हाच धडा त्याला मोठ्यांकडून मिळाला. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली सुमारे पाच दशकांतील संशोधन एकत्र तपासले. त्यात १,६०,००० पेक्षा अधिक मुलांची माहिती होती. ज्या मुलांना चापट्या, फटके जास्त बसत त्यांच्यात आज्ञाभंग आणि आक्रमकता कमी नव्हती, जास्त होती. मूळची हट्टी मुले अधिक मार खातात हेही त्यात काही अंशी असू शकते. पण मार देऊन मुले निवळतात असे म्हणायला तेथे आधार सापडला नाही, हे नक्की.

तुमच्या सासऱ्यांच्या तक्रारीकडे मी दुर्लक्ष करत नाही. आयुष्यभर ज्या पद्धतीने मोठ्यांपुढे वावरलो ती पद्धत नातवाला माहीतच नाही, आणि आपण बोलत असताना तो उठून जातो, हे दुखणारेच आहे. मात्र नवी पिढी मान राखत नाही ही भावना प्रत्येक पिढीत असते, आणि ती तपासून पाहण्याचा प्रयत्नही झाला आहे. जॉन प्रॉट्झको आणि जोनाथन स्कूलर यांच्या २०१९ च्या अभ्यासात अमेरिकी प्रौढांना आजच्या मुलांविषयी विचारले होते. ज्यांना स्वतःला अधिकार आणि शिस्त फार महत्त्वाची वाटत होती त्यांनाच मुले पूर्वीपेक्षा कमी आदर करतात असे अधिक वाटले. ज्यांचे स्वतःचे वाचन दांडगे होते त्यांना मुले पूर्वीपेक्षा कमी वाचतात असे वाटले. ज्या गुणात आपण उजवे, त्याच गुणात पुढची पिढी आपल्याला डावी दिसते. शिवाय त्याच देशात हिंसक गुन्ह्यांसाठी अल्पवयीनांना झालेल्या अटकांचे प्रमाण १९९४ साली शिगेला पोहोचले आणि नंतरच्या पाव शतकात दोन तृतीयांशाहून अधिक घटले. त्या काळात मुले मोठ्यांचा अधिक मान राखू लागली असे म्हणणारा कोणी मला भेटलेला नाही. उद्धटपणा वाढला की हिंसा वाढते, असा सरळ हिशेब असता तर हे घडले नसते.

एक गोष्ट खरोखर बदलली आहे, आणि तिच्याविषयी आपण पुरेसे बोलत नाही. पूर्वी वर्गात झालेली फजिती शाळा सुटेपर्यंत संपायची. दुसऱ्या दिवशी कोणाची तरी नवी फजिती होई. आता ती मोबाईलवर टिपली जाते, गटागटांत फिरते, रात्री अंथरुणातही तिच्यावर हसणारे नवे चेहरे येत राहतात. या प्रकरणात असे काही झाले आहे का, कोणी चित्रफीत काढली का, त्याआधी काही दिवस त्याला कोणी चिडवत होते का, हे तुम्हाला माहीत असल्याचे पत्रावरून दिसत नाही. ते माहीत करून घ्या.

ते माहीत करून घेण्याची पद्धत महत्त्वाची आहे. का केलेस, असे विचारू नका. त्या प्रश्नाला या वयाची मुले एक तर गप्प बसतात किंवा स्वतःचा बचाव करतात. काय काय झाले, ते क्रमाने विचारा. तू कोठे बसला होतास, तो कोठे होता, तो हसण्याआधी काय चालले होते, आणखी कोण हसले, तेव्हा तुझ्या अंगात काय झाले, छातीत धडधडले का, कान तापले का. मग, त्याचा आवाज खाली आलेला असताना, एवढेच विचारा, की तो दुसऱ्या कशाला हसत असण्याची शक्यता होती का. उत्तर नाही असे आले तरी वाद घालू नका. प्रश्न त्याच्या मनात राहिला तरी पुरे आहे. हे बोलणे समोरासमोर बसून होत नाही. चालताना किंवा एखादे काम दोघांनी मिळून करताना ते जास्त सोपे जाते, आणि तेथे तिसरे कोणीही नसावे.

याच जागेवर शिकागोतील एका उपक्रमाचे उदाहरण द्यावेसे वाटते. ‘बिकमिंग अ मॅन’ नावाच्या या उपक्रमात शाळकरी मुलग्यांचे छोटे गट नियमित भेटतात. तेथील सुरुवातीच्या एका खेळात दोघांची जोडी लावतात, एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, की ३० सेकंदांत त्याच्या मुठीतून तो मिळव. जवळजवळ सगळी मुले झोंबाझोंबी करतात, बोटे उलगडू पाहतात. मग भूमिका बदलतात, पुन्हा तेच. शेवटी मार्गदर्शक विचारतो, की कोणी नुसता मागून का पाहिला नाही. मुले म्हणतात, मागून थोडाच दिला असता, मी नेभळट ठरलो असतो. तेव्हा तो चेंडू धरणाऱ्याला विचारतो, मागितला असता तर काय केले असतेस. आणि उत्तर बहुधा असे येते, की दिला असता, साधा चेंडूच तर आहे. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक निवड करून घेतलेल्या चाचण्यांत, या उपक्रमात असलेल्या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका त्या काळापुरत्या ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. उपक्रम संपल्यावर हा परिणाम तसाच टिकला नाही, हेही सांगायला हवे. थांबून विचार करण्याची सवय काही महिन्यांच्या पाठाने आयुष्यभरासाठी लागत नाही, ती घरात रोज जपावी लागते. त्या मुलांना मोठ्यांचा मान कसा राखावा यावर कोणी व्याख्यान दिले नव्हते. समोरच्याच्या मनात काय आहे ते आपल्याला खरेच ठाऊक आहे का, एवढे विचारायला त्यांना शिकवले होते.

जखमी मुलाकडे तुमचा मुलगा अजून गेला नसेल तर त्याने जायला हवे, आणि हे टाळू नये असे मला आग्रहाने सांगायचे आहे. त्या मुलाच्या पालकांना आधी विचारा. त्यांची तयारी असेल तर तुम्ही दोघे-तिघे जण त्यांच्या घरी जा. पाठ केलेले वाक्य त्याला देऊ नका. मी ढकलले, तुला लागले, मी तसे करायला नको होते, एवढे त्याला स्वतःच्या शब्दांत म्हणता आले तर खूप झाले. उपचारांचा खर्च तुम्ही द्या आणि त्यातला काही भाग मुलाने स्वतःच्या खर्चाच्या पैशांतून किंवा घरातले एखादे मोठे काम करून भरावा. ही शिक्षा आहे, आणि मी ती द्यायलाच सांगते आहे. फक्त तिच्यात त्याला खाली पाहायला लावणे नाही, केलेले नुकसान भरून देणे आहे. टाके घातलेली भुवई जवळून पाहिली की समोरच्याची वेदना ही केवळ ऐकीव गोष्ट राहत नाही.

वडिलांनी त्याच्याशी आधी बोलावे. पाहुण्यांसमोर हात उचलला ते चुकले, तू जे केलेस ते चूकच होते आणि तरीही माझे चुकले, असे त्यांनी म्हटले तर त्यांचा अधिकार कमी होईल अशी भीती त्यांना वाटेल. तसे होत नाही. चूक कबूल करून मान कसा टिकतो, हे मुलाने अजून कोणाला करताना पाहिलेले नसेल, आणि त्या दिवशी वर्गात त्याला नेमके हेच ठाऊक नव्हते.

उद्धट बोलण्याचे काय, तर ते खपवून घ्यावे असे मी मुळीच म्हणत नाही. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या पद्धतींवर जे काम केले, त्यात एकीकडे कडक हुकूम आणि दुसरीकडे मोकाट सैलपणा यांच्या मधली वाट त्यांना मुलांसाठी सर्वांत हितकर दिसली. नियम ठाम, त्यांची कारणे उघड आणि मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी. घरात एकच नियम ठेवा, की मतभेद कोणाशीही असू शकतो, पण आवाज चढला की बोलणे तेथेच थांबेल आणि आवाज उतरला की पुन्हा सुरू होईल. हा नियम तुमच्या पतींना आणि सासऱ्यांनाही लागू असला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशीच तो मोडेल. आजोबांचे बोलणे अर्ध्यावर सोडून तो जातो, तेव्हा ते काय बोलत असतात याकडेही लक्ष द्या. दर वेळी विषय त्याच्याच उणिवांचा असेल, तर दोघांसाठी एखादे असे काम शोधा ज्यात आजोबांना काही येते आणि नातवाला ते शिकायचे आहे, किंवा उलट. त्यात उपदेशाला जागा नसावी.

सासऱ्यांच्या शेवटच्या भीतीविषयी, पोलीस दारात येतील या भीतीविषयी. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडलेला भेद येथे दिलासा देणारा आहे. पौगंडावस्थेत नियम मोडणारी, भांडणारी बहुसंख्य मुले वय वाढेल तशी त्यातून बाहेर पडतात. आयुष्यभर त्याच वाटेवर राहणारा गट लहान असतो आणि त्याची लक्षणे बहुधा अगदी बालपणापासून दिसू लागलेली असतात. तुमच्या पत्रात वर्षभरापूर्वीचा मुलगा वेगळा होता असे सूचित होते. मोठ्यांना उलट बोलणाऱ्या मुलापेक्षा, स्वतःहून दुबळ्यांना त्रास देऊन ज्याला काहीच वाटत नाही त्या मुलाची मला अधिक काळजी वाटते. तेव्हा तो आजोबांशी कसा बोलतो याच्याइतकेच, धाकट्या मुलांशी, मुलींशी, घरी कामाला येणाऱ्यांशी आणि मुक्या प्राण्यांशी तो कसा वागतो ते शांतपणे पाहा.

त्यात क्रौर्य दिसले, घरात किंवा दप्तरात हत्यार सापडले, कोणाचा तरी सूड घेण्याचे बेत त्याच्या बोलण्यात आले, झोप आणि जेवण बिघडून तो दिवसेंदिवस खोलीत राहू लागला किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणाला, तर एक दिवसही थांबू नका आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जा. यातले काही नसले तरी शाळेच्या समुपदेशकांची, ते नसतील तर बाहेरच्या एखाद्या बाल-मानसशास्त्रज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या. पहिल्या भेटीला मुलासोबत तुम्ही न जाता तुमच्या पतींनी जावे. जातायेताना बोलणे झाले नाही तरी चालेल.